खाण कंपनीच्या ताब्याची बातमी आली की आधी मतं मोजा

आमच्या घरात सेसा गोवाचे शेअर आले ते वडिलांमुळे. डिचोलीला त्यांची आत्या राहायची. तिच्याकडे गेलं की रस्त्यावर तांबडी धूळ आणि खनिजाच्या ट्रकांची रांग. एवढं खनिज रोज जातंय म्हणजे कंपनी बुडणार नाही, हा वडिलांचा सगळा अभ्यास. पुढे २००७ साली मित्सुई या जपानी कंपनीने सेसातला आपला ५१ टक्के हिस्सा ९८.१ कोटी डॉलरला वेदांताला विकला. वडिलांनी पेपरातली बातमी वाचली, ‘मालक बदलला’ एवढंच म्हणाले आणि शेअर तसेच ठेवले. त्या शेअरची २०१३ मध्ये सेसा स्टरलाइट झाली आणि २०१५ मध्ये वेदांता लिमिटेड. म्हणजे एकही शेअर नवा न घेता आम्ही तीन नावांच्या कंपनीचे भागधारक झालो. या सगळ्यात आपल्यालाही काही विचारलं जातं, आपलंही मत मोजलं जातं, हे मला कळलं ते २०२० मध्ये.

खाण कंपनीचे शेअर नुकतेच घेतलेल्यांसाठी हे लिहितोय. ‘अमुक कंपनी तमुक कंपनीला गिळणार’, ‘संचालक मंडळात फूट’ अशा बातम्या आल्या की काय वाचायचं, कुठल्या क्रमाने वाचायचं आणि कधी गप्प बसायचं, याबद्दल. शेअर घ्या किंवा विका हा सल्ला यात नाही.

पायरी १: मतं कोणाकडे आहेत ते बघा

जमिनीखाली किती खनिज आहे हे नंतर. आधी मुंबई शेअर बाजाराच्या किंवा एनएसईच्या साइटवर कंपनीचं नाव टाका आणि ‘शेअरहोल्डिंग पॅटर्न’ उघडा. तिमाही संपल्यावर २१ दिवसांत कंपनीला तो द्यावाच लागतो. त्यातल्या चार गोष्टी कागदावर उतरवा: प्रवर्तकांचा (म्हणजे कंपनी ताब्यात असलेल्या मुख्य मालकांचा) हिस्सा, त्यातले गहाण किती, सरकार किंवा एलआयसीकडे किती, आणि उरलेले किती.

एवढ्यावरच निम्म्या अफवा मरतात. नागपूरच्या मॉइलचं उदाहरण घ्या. मँगनीज काढणारी ही कंपनी केंद्र सरकारची, आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश सरकारांचाही तिच्यात छोटा हिस्सा. निम्म्याहून जास्त शेअर सरकारांकडे असताना बाजारातून कोणी गुपचूप शेअर गोळा करून ताबा घेईल, हे शक्यच नाही. ताबा बदलला तर तो दिल्लीत मंत्रिमंडळाच्या निर्णयाने बदलेल. कोल इंडियाचंही तेच. २०१२ मध्ये टीसीआय या लंडनच्या फंडाने कोल इंडियाच्या संचालकांवर जाहीर तोफ डागली होती. सरकारच्या सांगण्यावरून कोळसा स्वस्तात विकता आणि बाकी भागधारकांचं नुकसान करता, हा आरोप. मुद्दा दमदार होता, पण फंडाकडे शेअर होते साधारण एक टक्का. दोन वर्षांनी तो विकून बाहेर पडला.

आता उलटी बाजू. प्रवर्तकाकडे ६५ टक्के आहेत म्हणजे बाकीच्यांना किंमत नाही, हा समजही चुकीचा. हिंदुस्थान झिंकमध्ये जानेवारी २०२३ ला काय झालं ते बघा. कंपनीच्या संचालक मंडळाने ठरवलं की वेदांताच्या परदेशातल्या जस्ताच्या खाणी सुमारे २९८ कोटी डॉलरला विकत घ्यायच्या. म्हणजे लेकीच्या कंपनीने आपल्या गाठीचा पैसा देऊन आईच्या कंपनीकडून खाणी घ्यायच्या. अशा संबंधितांमधल्या मोठ्या व्यवहाराला भागधारकांची मंजुरी लागते, आणि ज्यांचा त्यात हितसंबंध आहे त्यांचं मत मंजुरीत धरलं जात नाही. तेव्हा वेदांताकडे ६४.९२ टक्के होते, ते बाजूला काढले. उरले ३५.०८. त्यातले २९.५४ केंद्र सरकारचे. भागाकार करा: मोजल्या जाणाऱ्या शंभर मतांतली ८४ सरकारकडे! सरकारने विरोधाचं पत्र दिलं आणि व्यवहार बारगळला. वाहिन्यांवर दिवसचे दिवस चर्चा चालू होती, पण निकाल त्या भागाकारात पहिल्याच दिवशी लिहिलेला होता.

परदेशी खाण कंपनीचे शेअर असतील तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. सगळ्या शेअरना सारखी मतं असतीलच असं नाही. कॅनडाच्या टेक रिसोर्सेसमध्ये ‘अ’ वर्गाच्या एका शेअरला १०० मतं आणि ‘ब’ वर्गाच्या शेअरला एक. ‘अ’ वर्गाचे शेअर एकूण शेअरच्या दोन टक्केही नव्हते, तरी निम्म्याहून जास्त मतं त्यांचीच. २०२३ च्या एप्रिलमध्ये ग्लेनकोर ही स्वित्झर्लंडची खाण कंपनी हात धुऊन टेकच्या मागे लागली होती, पण ‘अ’ वर्गाच्या शेअरवर पकड असलेलं कीव्हिल कुटुंब ‘नाही’ म्हणालं आणि गाडी तिथेच अडली. गंमत म्हणजे त्याच महिन्यात टेकलाही स्वतःचा कोळशाचा धंदा वेगळा करण्याचा ठराव ऐन सभेच्या दिवशी मागे घ्यावा लागला, कारण त्याला ‘ब’ वर्गाचीही दोन तृतीयांश मतं लागत होती आणि ती जमत नव्हती. शेवटी त्या कोळशाचा मोठा वाटा ग्लेनकोरनेच घेतला. ‘अ’ वर्गाची ही जास्तीची मतं सहा वर्षांनी संपवायची, हे मात्र भागधारकांनी त्याच एप्रिलच्या सभेत मंजूर केलं.

पायरी २: घेणाऱ्याला नेमकं काय हवंय?

खाण कंपनी म्हणजे खाण आणि खाणीचा परवाना. साबणाच्या कंपनीकडे ब्रँड असतो. इथे पट्टा, म्हणजे ठरावीक मुदतीचा हा परवाना, संपला की हातात खड्डा उरतो. गोव्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १५ मार्चनंतर काम थांबवलं. साठा जमिनीत जसाच्या तसा होता, पण कोणालाच हात लावता येईना. म्हणून ताब्याची बातमी आली की वार्षिक अहवालात पट्ट्यांची मुदत शोधा. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर भारतात नवे पट्टे लिलावाने मिळतात, त्यामुळे जुना, लांब मुदतीचा पट्टा हातात असणं हीच मोठी मालमत्ता.

घेणाऱ्याला अख्खी कंपनी हवी असते असंही नाही. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बीएचपी या खाण कंपनीने लंडनची अँग्लो अमेरिकन मागितली ती तांब्यासाठी: पेरूतली केयावेको खाण, चिलीतल्या खाणींमधला हिस्सा. दक्षिण आफ्रिकेतल्या प्लॅटिनम आणि लोहखनिजाच्या कंपन्या तिला नको होत्या. त्या आधी तुम्ही वेगळ्या करा, मग आम्ही येतो, अशी अट. पोरगी पसंत आहे पण तिच्या दोन भावांना आधी घराबाहेर काढा, असं म्हणण्यातला प्रकार. त्या अटीची जोखीम सगळी अँग्लोच्या भागधारकांवर. बोलणी शेवटी तिथेच अडकली.

पायरी ३: बातमी कुठल्या टप्प्यावर आहे

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण शेअर बाजारासाठीच केली असावी. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ एवढ्या आधारावर शेअर दहा टक्के वर जातो, आणि आपण अकराव्या टक्क्याला घेतो.

भारतात आता थोडी सोय झाली आहे. बाजारमूल्याने पहिल्या २५० कंपन्यांबद्दल अफवा उठून भाव ठळकपणे हलला, तर कंपनीला २४ तासांत ती खरी की खोटी हे शेअर बाजाराला कळवावं लागतं. ते उत्तर वाचा. ‘आम्ही वेळोवेळी विविध पर्यायांचा विचार करत असतो’ असं गुळमुळीत वाक्य असेल तर अजून काही पक्कं नाही असं धरून चाला.

पक्कं म्हणजे काय? शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०११ च्या नियमांप्रमाणे कोणी २५ टक्क्यांची रेघ ओलांडली किंवा कंपनीचं नियंत्रण घेतलं, तर त्याला बाकीच्या भागधारकांसाठी खुली ऑफर आणावी लागते, किमान २६ टक्के शेअरसाठी. आधी जाहीर घोषणा, मग तपशीलवार निवेदन, मग तुमच्या ईमेलवर येणारं ऑफरचं पत्र. आधीच २५ च्या वर असलेला प्रवर्तक वर्षाला पाच टक्क्यांपर्यंत ऑफरशिवाय वाढवू शकतो. प्रवर्तक दरवर्षी असा थोडा थोडा सरकतोय का, हे पहिल्या पायरीतल्या कागदावर दिसतं.

लंडनची रीत वेगळी. तिथे संभाव्य खरेदीदाराचं नाव जाहीर झालं की २८ दिवसांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्यात पक्की ऑफर द्या, नाहीतर सहा महिने लांब राहा. दोन्ही पक्षांच्या संमतीने मुदत वाढते. बीएचपीला एकदा आठवडा वाढवून मिळाला, दुसऱ्यांदा अँग्लोने नकार दिला आणि २९ मे २०२४ ला बीएचपी निघून गेली. लंडनमधल्या कंपनीचे शेअर असतील तर ही तारीख कॅलेंडरमध्ये टाका.

पायरी ४: भाव

पहिला भाव हा क्वचितच शेवटचा असतो. बीएचपीचा पहिला प्रस्ताव ३१.१ अब्ज पौंडांचा, दुसरा ३४, तिसरा ३८.६. ग्लेनकोरने २०१२ मध्ये एक्स्ट्राटा ही खाण कंपनी आपल्यात विलीन करण्यासाठी तिच्या प्रत्येक शेअरमागे आपले २.८ शेअर देऊ केले. कतारच्या सरकारी फंडाकडे एक्स्ट्राटाचे १२ टक्क्यांच्या आसपास शेअर होते, त्याने ३.२५ मागितले. शेवट ३.०५ वर झाला. मंडईत भाजी घेणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

पण आता २०२० सालचं, कारण शिकलो ते तिथे.

त्या वर्षीच्या मे महिन्यात, टाळेबंदीने भाव पडलेले असताना, वेदांताच्या प्रवर्तकांनी कंपनी शेअर बाजारातून काढून घेण्याचा प्रस्ताव आणला. किमान भाव ८७ रुपये २५ पैसे. अशा वेळी तेव्हा ‘रिव्हर्स बुक बिल्डिंग’ व्हायचं, म्हणजे उलटा लिलाव: माझा शेअर मी कितीला देईन, हे प्रत्येक भागधारक सांगतो. प्रवर्तकाचा हिस्सा ज्या भावाला ९० टक्क्यांवर पोचतो तो भाव ठरतो. ऑक्टोबरच्या ५ ते ९ तारखांना खिडकी उघडी होती. प्रवर्तकांकडे ५०.१४ टक्के, आणि त्यांना जनतेकडून हवे होते १३४.१२ कोटी शेअर.

मी बोली लावली १८० रुपयांची. का १८०? खरं सांगायचं तर वडिलांनी म्हटलं म्हणून. एलआयसीकडे ६.३७ टक्के होते, तिने बोली लावली ३२० ची. शेवटच्या संध्याकाळी शेअर बाजाराच्या साइटवर एकूण बोल्यांचा आकडा १३७ कोटींच्या वर दिसत होता आणि जमलं असं सगळे म्हणत होते. पण त्यातल्या बऱ्याच बोल्यांना कस्टोडियनची (मोठ्या गुंतवणूकदारांचे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेची) पुष्टी मिळालीच नव्हती. छाननीनंतर उरले १२५.४७ कोटी. ऑफर फसली. सोमवारी बाजार उघडताच शेअर आपटला.

त्या सोमवारी घाबरून विकणारे आमच्या ओळखीत तिघे होते. विकू नका असं मी त्यांना म्हणालो नाही, कारण मलाही काही कळत नव्हतं. आज कळतं ते असं: प्रवर्तकाला जास्त हिस्सा हवाच होता, त्याची गरज ऑफर फसल्याने संपली नव्हती. डिसेंबरमध्ये त्यांनी बाजारातून सुमारे पाच टक्के घेतले, १६० च्या आसपास. जानेवारी २०२१ ला १६० ची खुली ऑफर आणली आणि मार्चमध्ये तिचा भाव २३५ केला. टेंडरची, म्हणजे ऑफरमध्ये शेअर देण्याची, मुदत सुरू होण्याच्या एक दिवस आधीपर्यंत भाव वाढवता येतो, हा नियम लक्षात ठेवा. आणि याचा अर्थ दर वेळी भाव वाढतोच असा काढू नका. त्या काळात धातूंचे जागतिक भावही वर चालले होते.

खुल्या ऑफरमध्ये आणखी एक खोच असते. ऑफर २६ टक्क्यांची आणि शेअर देणारे ५२ टक्के असतील, तर तुमचे निम्मेच घेतले जातात. उरलेले परत, आणि ते परत येईपर्यंत भाव बहुधा खाली. ऑफरचा भाव गुणिले माझे सगळे शेअर, असा हिशेब घरी सांगून बसू नका.

पायरी ५: संचालकांचं भांडण कसं वाचायचं

संचालक मंडळातलं खरं भांडण पत्रकात येत नाही. ‘वैयक्तिक कारणांमुळे’ येतं. तरी काही खुणा असतात. स्वतंत्र संचालक, म्हणजे प्रवर्तकांशी संबंध नसलेला संचालक, मुदतीआधी गेला तर राजीनाम्याची कारणं कंपनीला सात दिवसांत शेअर बाजाराला कळवावी लागतात, ते पत्र शोधून वाचा. एका वर्षात दोन स्वतंत्र संचालक आणि ऑडिटर गेले असतील तर कारण काही का लिहिलेलं असेना. मी तरी अशा कंपनीतून बाहेर पडतो.

दुसरी खूण पगाराची. पश्चिम ऑस्ट्रेलियात मे २०२० मध्ये रिओ टिंटो या खाण कंपनीने लोहखनिजासाठी जुकान गॉर्जमधल्या गुहा स्फोटाने उडवल्या. तिथे ४६ हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीच्या खुणा होत्या आणि स्थानिक आदिवासींसाठी ते पवित्र ठिकाण होतं. संचालक मंडळाने आधी अधिकाऱ्यांचे बोनस कापले आणि एवढ्यावर भागेल असं धरलं. ऑस्ट्रेलियातले पेन्शन फंड बधले नाहीत. सप्टेंबरात मुख्याधिकारी आणि दोन वरिष्ठ अधिकारी जाणार असल्याचं जाहीर झालं, पुढच्या वर्षी अध्यक्षांनीही पद सोडण्याचं सांगितलं. २०२१ च्या सभेत अधिकाऱ्यांच्या मोबदल्याच्या अहवालाविरुद्ध सुमारे ६१ टक्के मतं पडली. ऑस्ट्रेलियात त्या अहवालाला सलग दोन वर्षं २५ टक्के विरोध झाला, तर सगळं मंडळ पुन्हा निवडून यावं का यावर मतदान घ्यावं लागतं. त्यामुळे तिथे पगाराचं मत हे खरं तर मंडळावरचं मत असतं.

एक्स्ट्राटाची गोष्ट मला त्याहून आवडते. ग्लेनकोरशी विलीनीकरण भागधारकांनी मंजूर केलं, पण अधिकाऱ्यांनी टिकून राहावं म्हणून ठेवलेल्या गलेलठ्ठ रकमांचा ठराव त्याच दिवशी पाडला. त्या रकमांची बाजू घेणारे अध्यक्ष सर जॉन बाँड हे नव्या कंपनीचे अध्यक्ष झाले, आणि मे २०१३ च्या पहिल्याच सभेत ८० टक्क्यांहून जास्त मतं विरुद्ध जाऊन पायउतार झाले. कंपनी हवी, माणूस नको, असं दोन ठरावांत वेगवेगळं सांगता येतं.

ताब्याच्या काळात भांडणाचा एक ठरलेला प्रकार असतो: खरेदीदार म्हणतो भाव उत्तम आहे, मंडळ म्हणतं कंपनीचं मोल ओळखलेलं नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि दोघंही थोडे खोटे. मंडळाला विचारायचा प्रश्न एकच: मग तुमची योजना काय? अँग्लोने उत्तर दिलं, आम्ही स्वतःच प्लॅटिनम वेगळं करतो, हिरे आणि कोळसाही काढतो, तांबं-लोखंड ठेवतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तिने टेकशी विलीनीकरण जाहीर केलं. उत्तर पटो न पटो, उत्तर तरी होतं.

पायरी ६: मत द्या

हे काम दहा मिनिटांचं आणि ९९ टक्के लोक करत नाहीत, असं माझ्या ओळखीपुरतं तरी म्हणतो. डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या दोन संस्थांपैकी तुमचं खातं एनएसडीएलकडे असो वा सीडीएसएलकडे, त्यांच्या साइटवर मोबाइल क्रमांकाने नोंदणी करा. सभेची नोटीस ईमेलवर येते, बहुतेकदा प्रमोशनच्या रकान्यात पडून असते. मतदान सभेच्या आधी किमान तीन दिवस चालतं आणि आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं. ठराव चाळताना तीन शब्दांवर थांबा: ‘संबंधित पक्ष’, ‘पुनर्नियुक्ती’, ‘मोबदला’. विशेष ठरावाला विरोधाच्या तिप्पट मतं लागतात, म्हणजे पाव हिस्सा विरोधात गेला की ठराव आपटण्याच्या बेतात येतो. माझ्या ११० शेअरनी काय होणार, हे मीही म्हणायचो. हिंदुस्थान झिंकसारखं प्रवर्तकाचं मत वगळलं जातं तिथे तुमचे ११० एकदम जड होतात.

पायरी ७: टेंडर करताना

टेंडरला दहा कामाचे दिवस असतात. मुदत सुरू होण्याआधी स्वतंत्र संचालकांची समिती भाव योग्य आहे की नाही यावर मत प्रसिद्ध करते, ते वाचा. एकदा टेंडर केलेले शेअर मागे घेता येत नाहीत, म्हणून पहिल्या दिवशी घाई नको. पण शेवटच्या दुपारपर्यंतही थांबू नका. शेअर बाजाराची वेळ एक आणि ब्रोकरची दुसरी असते. एका ऑफरच्या वेळी माझ्या ब्रोकरने अंतर्गत मुदत आदल्या दिवशीच संपवली होती आणि तसं अॅपवर बारीक अक्षरात, तेही इंग्रजीत, तिसऱ्या पानावर लिहिलं होतं. फोन केला तर म्हणाले, ‘सर, सिस्टिममध्येच बंद आहे.’ तेव्हापासून मी ऑफर आली की आधी ब्रोकरला ईमेल करतो: तुमची शेवटची वेळ लेखी कळवा.

वेदांताच्या २३५ च्या ऑफरला मी निम्मे शेअर दिले. त्यांनी मागितले होते त्यापेक्षा कमीच शेअर आले, त्यामुळे दिलेले सगळे स्वीकारले गेले. प्रवर्तकांचा हिस्सा ६५.१८ टक्क्यांवर गेला. उरलेले निम्मे अजून आहेत. वडिलांनी विचारलं, ‘आता काय नाव कंपनीचं?’ म्हटलं, या वेळी तेच आहे.